मांजरा मेलडीचे वैजनाथमामा

वैजनाथ हुडगे निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे उठून त्यांनी अंघोळ केली, कपाळाला भस्म लावलं, धुतलेला पांढरा शर्ट घातला आणि पावणेदहाला ओसरीत स्टूल टाकून दाराशी बसले. त्यांच्या बायको उमाबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "खुर्ची आणून दिऊ का?"

"नको, बरंय हे," वैजनाथ म्हणाले.

लातूरच्या एका सरकारी कचेरीत त्यांनी बत्तीस वर्षं शिपायाची नोकरी केली. त्यातली सव्वीस वर्षं मोठ्या साहेबांच्या दाराबाहेर, स्टुलावर. घंटी किती जोरात वाजली त्यावरून आत काय चाललंय ते त्यांना कळायचं. कोणता कागद सकाळी आत न्यायचा आणि कोणता जेवणानंतर, हे नव्या साहेबांना तेच शिकवायचे, अर्थात साहेबांना कळू न देता. कचेरीतले सगळे त्यांना मामा म्हणत. एकोणीस साहेब आले आणि गेले, मामा तिथंच होते.

आता ते चाकूरच्या घरी आले होते. मुलगा पुण्याला होता, शेत वाट्यानं दिलेलं. करायला काही नव्हतं. गल्लीत दोन घरं सोडून सिंधु भिंगोले राहायची, तिच्या मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये 'मांजरा मेलडी ऑर्केस्ट्रा'ची तालीम चालायची. दुपारी डोळा लागायच्या वेळी ढोलकी सुरू झाली की मामा उठून जायचे आणि दारातूनच सांगायचे, "जरा आवाज कमी ठेवा." सिंधु हसून हाव म्हणायची आणि आवाज तेवढाच राहायचा. शेजाऱ्यांचं नातं एवढंच होतं.

मग कोरोना आला. शेडला कुलूप लागलं. दुसऱ्या लाटेत सिंधुचा नवरा गेला. ऑर्केस्ट्रा त्यानंच उभा केला होता, कीबोर्डही तोच वाजवायचा. वर्षभर त्या शेडमधून काही ऐकू आलं नाही आणि मामांना दुपारची झोपही येईना झाली. उमाबाईंनी ते ओळखलं होतं.

दोन हजार बावीसच्या दिवाळीनंतर एका सकाळी सिंधु हातात कागद घेऊन ओसरीत आली. सेहेचाळीस वर्षांची बाई, उंच, आवाज घोगरा; गायला लागली की तोच आवाज मोकळा व्हायचा. ती म्हणाली, "मामा, तुमी कचेरीत होता. एवढं बगता का? तीन डाव अर्ज पाठिवला, तिन्ही डाव परत आला."

उमरीहून धर्माबादकडं जाताना हरणसांगवी लागतं. तिथं मार्गशीर्षात खंडोबाची जत्रा भरते. यात्रा कमिटीनं सिंधुला निरोप दिला होता की ऑर्केस्ट्रा पाहिजे, पण इथले पोलीस ऑर्केस्ट्राला परवानगी देत नाहीत. तुम्ही आणली तर स्टेज आमचं.

मामांनी चष्मा लावून अर्ज वाचला. उलटून मागची बाजू बघितली.

"ह्या अर्जाला विषयच न्हाई," ते म्हणाले.

"विषय काय आसतो मामा? गानं म्हनायचंय, ह्योच विषय."

"तसं चालत न्हाई. वर विषय लागतो, खाली संदर्भ. संग कोन-कोन ते लिवावं लागतं. किती वाजता सुरू, किती वाजता बंद. कुनाची जिम्मेदारी. बस, मी लिवतो."

त्या दिवशी मामांनी चार कागद लिहिले. बत्तीस वर्षांत साहेबांच्या टेबलावर नेलेल्या हजारो अर्जांतलं चांगलं चांगलं आठवून लिहिले. उमाबाईंनी दोनदा चहा दिला. अर्ज असा झाला की सिंधु वाचून म्हणाली, "मामा, हे माज्याच ऑर्केस्ट्राचं हाय का दुसऱ्या कुनाचं?"

पहाटेच्या गाडीनं दोघं नांदेडला आणि तिथून रेल्वेनं हरणसांगवीला गेले. पोलीस ठाण्याचे निरीक्षक मृत्युंजय कोरे चाळिशीतले, अक्कलकोटकडचे. बोलणं थोडं, आवाज खाली. त्यांनी अर्ज पूर्ण वाचला. एवढा पूर्ण वाचणारा साहेब मामांना आवडला. वाचून झाल्यावर कोरेंनी मामांकडं बघून विचारलं, "नाचणाऱ्या बाया किती आहेत?"

मामा काही बोलायच्या आत सिंधु म्हणाली, "साहेब, नाचनारी एक बी न्हाई. गानाऱ्या दोगी. एक मी, एक माझी भाची. पंचवीस वर्सं झाली गाऊन राहिले."

कोरेंनी तिच्याकडं बघितलं नाही. अर्ज मामांच्या हातात परत दिला. "अर्ज चांगला आहे. पण परवानगी मिळणार नाही. या."

गाडीत सिंधु खिडकीकडं तोंड करून बसली. लोहा गाव मागं पडल्यावर बोलली, "मामा, त्या मानसाच्या दारात मी परत येनार न्हाई. भाकर दुसरीकडं शोधीन."

"तू नको यिऊस," मामा म्हणाले. "मी जातो."

"तुमी कामून जाता? तुमचं काय आडलंय?"

अर्ज चांगला असून परत आला, हे मामांच्या जिवाला लागलं होतं. चांगला अर्ज आतल्या टेबलावर पोहोचवणं एवढंच काम त्यांनी जन्मभर केलं होतं.

पुढच्या सोमवारी ते एकटे गेले. दारातल्या टेबलावर सिद्धेश्वर नावाचा हवालदार बसायचा. त्यानं नाव विचारलं आणि बाकड्याकडं बोट केलं. "साहेब कामात आहेत. बसा."

मामा बसले. अकरा वाजले, बारा वाजले. आतून वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. तो आवाज मामांच्या चांगल्या ओळखीचा होता. कामात असलेल्या साहेबांचा आवाज असाच असतो, आणि असे हजारभर तरी लोक मामांनी स्वतः बाहेर बसवून ठेवले होते. त्या हजारांतला एकच माणूस त्यांना त्या दिवशी आठवला. वीरभद्र नावाचा निलंग्याकडचा म्हातारा सनईवाला. कसला तरी कागद घेऊन आला होता, धोतर नेसलेला, सनई फडक्यात गुंडाळून काखेत. नऊ दिवस लागोपाठ आला. दर वेळी मामांनी सांगितलं होतं, साहेब मीटिंगमध्ये आहेत. दहाव्या दिवशी तो आला नाही. त्या वेळी मामांना बरंच वाटलं होतं. आता बाकड्याची फळी मांडीला रुतत होती आणि त्या म्हाताऱ्याचा चेहरा काही केल्या नीट आठवत नव्हता. फडक्याचा लाल रंग तेवढा आठवत होता.

दोन वाजता सिद्धेश्वर म्हणाला, "आज होईल असं दिसत नाही."

"हाव, मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "मी बी ह्याच कामाला होतो. शिपाई. बत्तीस वर्सं."

सिद्धेश्वर पहिल्यांदा हसला. त्यानं डब्यातली भाकरी मामांपुढं केली. खाताना मामांचं लक्ष गेलं, त्याचं डावं मनगट वळत नव्हतं. विचारलं तर म्हणाला, "प्लेट आहे आत. मोटरसायकलचा क्लच दाबता येत नाही, म्हणून इथं टेबलावर बसवलं." मग थांबून म्हणाला, "तुमच्या ऑर्केस्ट्राचीच कृपा."

मामांचा घास हातातच राहिला. सिद्धेश्वरनं सगळं सांगितलं. कोरोनाच्या आधीच्या जत्रेत बाहेरून कुठून तरी एक पार्टी आली होती. रात्रीचे साडेदहा वाजले तरी गाणं बंद होईना, पुढच्या रांगेत सगळे पिऊन आलेले. बंद करा म्हणायला तो स्टेजवर गेला आणि खालून खुर्च्या यायला लागल्या. एक त्याच्या हातावर बसली. कोरे साहेब नंतर बदलून आले, पण आल्याबरोबर त्यांनी ती सगळी फाईल वाचली आणि ठरवलं, माझ्या माणसाचा परत हात मोडायला नको.

त्या दिवशी मामा साहेबांना न भेटताच परतले. गाडीत त्यांना राग नव्हता. नकार देणाऱ्या साहेबाला कारण होतं, आणि कारण बरोबर होतं.

रात्री जेवताना त्यांनी ते उमाबाईंना सांगितलं. उमाबाई ताटात पिठलं वाढत म्हणाल्या, "मग रातच्याला कामून ठिवता? दिवसा ठिवा."

"दिवसा कोन ऐकतं ऑर्केस्ट्रा?"

"आमी ऐकू की. रातच्याला आमाला कोन न्हेतंय? चाळीस वर्सं झाली लगनाला, एक डाव तरी म्हनलात का, चल, गानं ऐकून यिऊ?"

मामांनी आठवून बघितलं. खरंच म्हटलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी दार उघडं मिळालं. सिद्धेश्वरनं आत जाऊन काय सांगितलं कोणास ठाऊक, पण दहा मिनिटांत बोलावणं आलं. मामा आत गेले आणि सवयीनं उभेच राहिले.

"बसा," कोरे म्हणाले. "परवानगीचं असेल तर मी सांगितलंय तुम्हाला."

"साहेब, आधी एक विचारू का? सिद्धेश्वरच्या हाताचं मला म्हाईत नव्हतं. मला म्हाईत आसतं तर पैल्या दिवशी मी आधी त्येच बोललो आसतो." मामा खुर्चीच्या कडेवर टेकले. "तुमी न्हाई म्हनलात ते बरोबरच हाय. रातच्या कार्यक्रमाला न्हाईच. आमाला दुपारी दोन ते पाच द्या."

कोरेंनी पेन खाली ठेवलं. "दुपारी? ऑर्केस्ट्रा?"

"हाव. उजेडात. पिऊन येनारे त्या वखताला निजलेले आसत्यात. पुढं बाया बसतील, गडी मागं. दोन दारं ठिवू. पाच म्हंजे पाच. पाच वाजून एक मिंट झालं तर पुढच्या साली मी ह्या दारात येनार न्हाई."

कोरे हसले. ते हसताना तरुण दिसले. "बाया येतील असं कोण म्हणतं?"

"आमची घरची म्हनती, साहेब."

आठ दिवसांनी परवानगीचं पत्र आलं. त्यात अकरा अटी होत्या. मामांनी शेडमध्ये सगळ्यांना बसवून पोथी वाचावी तशा त्या अकरा अटी वाचल्या. ढोलकीवाला म्हणाला, दुपारच्याला चमकीचे कपडे दिसत नाहीत, भुतासारखे दिसू आम्ही. गिटारवाला म्हणाला, लायटिंग नाही तर ऑर्केस्ट्रा कसला? शेवटी सिंधुनं विचारलं, "मामा, त्यो साहेब स्वतः येनार हाय का?"

"येनार म्हनला."

"मग करू. त्याला गानंच ऐकवते."

जत्रेच्या दिवशी उमाबाईही निघाल्या. हिरवं इरकल नेसल्या, दशम्या आणि शेंगाची चटणी बांधून घेतली. मामा नको म्हणाले, प्रवास लांबचा आहे. उमाबाई म्हणाल्या, "दुपारचं मी सांगितलंय. मीच गेले न्हाई तर कसं?"

हरणसांगवीच्या बाजार मैदानावर मंडप होता. पुढच्या रांगेत सोफ्यासारख्या आठ खुर्च्या, त्यावर पांढरी कापडं, त्या मान्यवरांसाठी. यात्रा कमिटीचे अध्यक्ष आप्पासाहेब नाराज होते. धोतराचा सोगा धरून म्हणाले, "हुडगे, दुपारी ऑर्केस्ट्रा ठेवून तुम्ही आमचं हसं करणार."

दोन वाजता सिंधुनं गणपतीचं नमन सुरू केलं तेव्हा मंडपात चाळीस माणसं होती. त्यातले निम्मे म्हातारे ऊन टाळायला आलेले. उरलेल्या खुर्च्या रिकाम्या. ऊन मंडपाच्या कापडातून पिवळं होऊन येत होतं, आणि त्यात ढोलकीवाल्याची चमकी खरंच केविलवाणी दिसत होती. कोरे खांबाला टेकून उभे, चार शिपाई चार कोपऱ्यांत. सिंधु चार गाणी गायली. टाळ्या पडल्या त्या स्टेजच्या बाजूच्याच.

खंडोबाचं दर्शन घेऊन बाया परत निघाल्या होत्या. कपाळाला भंडारा, हातात नारळाची ताटं. मैदानाच्या कडेला त्यांचे घोळके थांबत, पदर डोक्यावर ओढून ऐकत, आणि कोणी बघतंय असं वाटलं की चालू लागत. आत कोणी येईना.

उमाबाई स्टेजच्या मागं दशम्यांची पिशवी घेऊन बसल्या होत्या. त्या उठल्या, पुढून चालत आल्या आणि पांढऱ्या कापडाच्या मधल्या खुर्चीवर बसल्या. मान्यवरांच्या खुर्चीला मामांनी बत्तीस वर्षांत टेकूनही बघितलं नव्हतं. ते उठवायला निघालेच होते. तेवढ्यात उमाबाईंनी कडेच्या बायांकडं मान वळवून म्हटलं, "बसा की मायांनो. खुर्च्या काय उन्हात तापवायला ठिवल्यात का?"

एक म्हातारी आली आणि शेजारी बसली. मग तिच्या दोन सुना. त्यातली एक आप्पासाहेबांच्या घरची निघाली. आप्पासाहेबांनी बघितलं, घसा खाकरला आणि मागच्या रांगेत जाऊन बसले. त्यानंतर बाया मोजता येईनात. खुर्च्या भरल्या, पुढं ताडपत्री अंथरली ती भरली. शाळा सुटल्यावर पोरी दप्तरासकट आल्या.

सिंधुनं हातातला गाण्यांचा कागद खाली ठेवला. त्यावर सगळी रात्रीची गाणी होती, पुढं पिणाऱ्यांनी फर्माईश करायची तसली. ती माईक घेऊन स्टेजच्या कडेला येऊन बसली, पाय खाली सोडून. तिनं जात्यावरची ओवी धरली. वाद्यं थांबली, नुसती ढोलकी हलकी चालू राहिली. दुसऱ्या ओवीला समोरून आवाज आला, तिसरीला सगळा मंडप म्हणत होता. सिंधु नंतर सांगायची, पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मला समोरच्यांचे डोळे दिसले. रात्री तोंडावर लाईट असतो, समोर नुसता काळोख.

साडेतीनच्या सुमाराला पोलीस क्वार्टरकडून एक वयस्क बाई सिद्धेश्वरच्या बायकोचा हात धरून आली. नाकात मोरणी, कासोट्यासारखं घट्ट नेसलेलं लुगडं. त्या रत्नम्मा, कोरेंच्या आई. नवरा गेल्यापासून दीड वर्ष मुलाकडं होत्या आणि घराबाहेर पडल्या नव्हत्या. मराठी समजायचं पण बोलायला जमायचं नाही. त्या पुढं येऊन सिंधुला कानडीत काही म्हणाल्या. सिंधुचं माहेर उदगीरचं. तिनं कानडीतच उत्तर दिलं, त्यांना हात धरून ताडपत्रीवर बसवलं आणि माईकवर सांगितलं, "आता ह्या आजींच्या गावाकडचं बाळाच्या पाळन्याचं गानं. समजलं न्हाई तरी ऐका."

तिनं कानडी पाळणा म्हटला. समोरच्या बायांना शब्द कळले नसतील, पण पाळणा कोणत्याही भाषेत पाळणाच असतो, त्या माना हलवत राहिल्या. रत्नम्मा ओठातल्या ओठात म्हणत होत्या. मामांनी खांबाकडं बघितलं. कोरे रस्त्याकडं तोंड करून उभे होते आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.

पाचला पाच मिनिटं कमी असताना मामांनी हात वर केला. सिंधुनं शेवटचं कडवं आवरलं. "आजून एक," बाया म्हणाल्या. "आजून एक म्हना बाई."

"मायांनो, साहेबांनी पाचची वेळ दिलीय," सिंधु माईकवर म्हणाली. "ती आज पाळली तर पुढच्या साली परत येता येईल."

बाया उठल्या. कुठं आरडाओरड नाही, ढकलाढकली नाही. उठता उठता त्यांनी आपापल्या खुर्च्या एकात एक घालून ठेवल्या, जशा लग्नघरी भांडी घासून पालथी घालून ठेवतात. सिद्धेश्वर ते बघत उभा होता. त्यानं मामांना म्हटलं, "मामा, अशा पण असतात होय खुर्च्या."

ठाण्यात चहा झाला. कोरेंनी सिंधुसाठी खुर्ची ओढली आणि ती बसेपर्यंत उभे राहिले. मग म्हणाले, "सिंधुताई, त्या दिवशी मी जे विचारलं ते बरोबर नव्हतं."

"तुमी विचारलं तरी साहेब," सिंधु म्हणाली. "लोक न विचारताच ठरिवत्यात."

कोरेंनी विचारलं, "जानेवारीत आमचा रस्ता सुरक्षेचा कार्यक्रम असतो. भाषणाला कोणी थांबत नाही. तुम्ही दोन गाणी म्हणाल का?"

तिथून मांजरा मेलडीचे दिवस फिरले. एकदम काही झालं नाही, हळूहळू झालं. कोरेंनी शेजारच्या ठाण्यात शब्द टाकला. धर्माबादला मिरची बाजारात कामाला येणाऱ्या बायांसाठी दुपारचा कार्यक्रम झाला. उमरीला मतदार जागृतीचा झाला, चाकूरला महिला दिनाचा. सिंधुची भाची सुकन्या हिचं लग्न ठरलं तेव्हा सासरच्यांनी विचारलं होतं, गाणं सोडणार ना? सिंधुनं सांगितलं, दिवेलागणीला घरी येते ती. त्यावर ते तयार झाले, आणि सुकन्या अजून गाते.

मामांचं काम मात्र वाढलं. आता ते अर्ज घेऊन जायचे त्यापेक्षा अर्ज नसताना जास्त जायचे. वैशाखात, आषाढात, जत्रा नाही, कार्यक्रम नाही, अशा दिवशी उमरीच्या नाहीतर धर्माबादच्या कचेरीत मामा हजर. साहेब विचारायचे, काय काम काढलं? मामा म्हणायचे, काम नव्हतं, इकडं आलतो, म्हनलं तोंड दाखवून जावं. पहिल्यांदा साहेब लोक बुचकळ्यात पडत. काम नसताना येणारा माणूस त्यांनी बघितलेला नसे. कोणाची बदली झाली की निरोपाच्या कार्यक्रमाला मामा दोन वादक घेऊन जात, त्या साहेबांनी आपल्याला नकार दिलेला असला तरी. एका तहसीलदारांनी विचारलं, "मी तर तुमची परवानगी नाकारली होती." मामा म्हणाले, "ते त्या दिवसाचं, साहेब."

आणि बाहेर बाकड्यावर कोणी बसलेलं दिसलं तर त्याच्याशी ते बोलल्याशिवाय पुढं जात नसत. कोणता कागद कमी आहे ते सांगत, जमलं तर तिथंच लिहून देत. वीरभद्र सनईवाल्याचा त्यांनी शोध केला. निलंग्याला कोणी म्हणालं, लेकीकडं कर्नाटकात गेला; कोणी म्हणालं, तो कधीच वारला. नक्की काही कळलं नाही. तो कागद कसला होता, तेही कळलं नाही. उमाबाईंना त्यांनी एकदा हे सगळं सांगितलं. उमाबाई म्हणाल्या, "म्हाईत हाय मला. तुमी झोपेत बोलता."

दोन हजार चोवीसच्या उन्हाळ्यात कोरेंची सोलापूरकडं बदली झाली. निरोपाला सगळा ऑर्केस्ट्रा गेला, वाद्यांसकट. रत्नम्मांनी सिंधुला खण-नारळ दिला आणि गाडीत बसताना तिचा चेहरा दोन्ही हातांनी कुरवाळला. कोरे मामांना म्हणाले, "मामा, नवीन साहेब येतील. तुम्हाला परत पहिल्यापासून सुरू करावं लागेल."

"त्येच काम हाय आमचं, साहेब. सव्वीस वर्सांत एकोनीस झाले."

नव्या निरीक्षक शिवांगी वाघमोडे. बीडकडच्या, वय तिशीच्या आसपास. मामा पंधरा दिवस थांबले, नव्या माणसाला सामान लावायला तेवढा वेळ द्यावा म्हणून, आणि मग एका सोमवारी हरणसांगवीला गेले. सिद्धेश्वरनं आत नाव कळवलं.

"हुडगे?" बाईंनी वर बघितलं. "मांजरा मेलडीचे का?"

मामा थबकले. "मॅडमला कसं म्हाईत?"

बाईंनी बाजूच्या गठ्ठ्यातून जत्रा बंदोबस्ताची फाईल काढली. पदभार देताना आधीच्या साहेबांनी आतल्या कागदांवर जागोजागी लिहून ठेवलेलं होतं. एक पान त्यांनी मामांपुढं सरकवलं. मामांनी चष्मा लावला. समासात निळ्या शाईत कोरेंचं तिरपं अक्षर होतं: मांजरा मेलडी, चाकूर. वेळेत सुरू करतात, वेळेत संपवतात. विश्वासू.

बत्तीस वर्षांत मामांनी किती फायली उचलल्या असतील, त्याचा हिशोब नव्हता. कोणत्याच फायलीत त्यांच्याबद्दल एक ओळ नव्हती, आणि असावी असं त्यांना कधी वाटलंही नव्हतं. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली आणि पान परत दिलं.

"बसा ना," बाई म्हणाल्या. "पण मी सरळच सांगते, दुपारचा असो की रात्रीचा, मला ऑर्केस्ट्रा प्रकार फारसा पटत नाही. आधी मी स्वतः बघेन, मग ठरवेन."

"बगावंच मॅडम. न बगता कामून ठरवायचं?"

"तारीख काय म्हणता?"

"आज तारीख न्हाई आनली. आज नुस्ता आलो."

बाईंनी बाहेर चहा सांगितला. चहा पिताना त्या आपल्या गावच्या जत्रेबद्दल थोडं बोलल्या, लहानपणी आई जाऊ द्यायची नाही त्याबद्दल. मामा ऐकत राहिले. अर्ध्या तासानं नमस्कार करून बाहेर पडले.

स्टेशनवर गाडीची वाट बघताना सिंधुचा फोन आला. मागं शेडमध्ये ढोलकी चालली होती.

"कशा हायेत नव्या बाई?" तिनं विचारलं.

मामांनी फलाटावरच्या बाकावर पिशवी ठेवली. "चांगल्या वाटल्या. हाव म्हनल्या न्हाईत, न्हाई बी म्हनल्या न्हाईत."

"मग आता?"

"बगू की. दोन-चार खेपा तर लागतीलच," मामा म्हणाले. "आन ढोलकी जरा जोरात वाजवायला सांग, हितं ऐकू येईना झालंय."